मँगनीज टेल्युराइडच्या पातळ थरातले इलेक्ट्रॉन-पट्टे: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी: काय मोजायचे आहे

पदार्थ: षट्कोनी मँगनीज टेल्युराइड, निकेल-आर्सेनाइड ठेवणीचा. थर ३० नॅनोमीटर, सब्स्ट्रेट (ज्यावर थर वाढवतो तो खालचा स्फटिक) इंडियम फॉस्फाइडचा (१११)ए पृष्ठभाग. नील तापमान (ज्याच्या वर चुंबकीय क्रम मोडतो) ३०७ केल्विनच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाला हा पदार्थ जेमतेम अँटिफेरोमॅग्नेटिक असतो. पायाला समांतर असलेल्या मँगनीजच्या प्रत्येक पापुद्र्यात सगळे स्पिन (इलेक्ट्रॉनांचे चुंबकीय रोख) एका दिशेला, लगतच्या पापुद्र्यात उलट. बेरीज शून्य.

बेरीज शून्य असली की पट्टे (संवेगाप्रमाणे इलेक्ट्रॉनची ऊर्जा दाखवणाऱ्या रेषा) स्पिननुसार फुटणार नाहीत, म्हणजे दोन स्पिनांना वेगळ्या ऊर्जा मिळणार नाहीत, असे आपण शिकत आलो. इथे ते लागू पडत नाही. मँगनीजच्या दोन उपजाळ्या नुसत्या सरकवून किंवा केंद्रबिंदूतून उलटवून एकमेकींवर बसत नाहीत, कारण भोवतीच्या टेल्युरियमच्या अष्टफलकांचा रोख वेगळा आहे. ६० अंश फिरवून सी-अक्षावर अर्धे घर सरकवले, तर त्या जुळतात. त्यामुळे संवेग-अवकाशाच्या ठरावीक भागांत पट्टे स्पिननुसार फुटतात आणि ६० अंशांवर चिन्ह उलटते. अशा पदार्थांना आता अल्टरमॅग्नेट म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या स्विस लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या प्रवेगकावर) याच पदार्थाच्या थरांवर केलेली मापने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. आपल्याला ती ताडून पाहायची आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरच्या, म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतल्या, हीलियम दिव्यावर यातले किती खात्रीने सांगता येते ते ठरवायचे आहे.

फूट कुठे शून्य असायला हवी हे आधी लिहून ठेवतो, पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे. झोन म्हणजे संवेग-अवकाशातले एक घर: गॅमा त्याचा मध्य, के आणि एम आडव्या दिशांचे बिंदू, ए उभ्या दिशेचा; के-झेड म्हणजे उभा संवेग. के-झेड शून्य असलेल्या पातळीत शून्य. झोनच्या वरच्या तोंडावर, ए बिंदूच्या पातळीत, शून्य. गॅमा–के दिशा आणि सी-अक्ष ज्यांत आहेत त्या तीन उभ्या पातळ्यांत शून्य. गॅमा–एम दिशेने, पण गॅमा आणि ए यांच्या मधल्या उंचीवर, मोठी. स्पिन-ऑर्बिट जोड (स्पिन आणि इलेक्ट्रॉनची कक्षीय गती यांच्यातली) धरली तर शून्याच्या जागीही थोडी फूट येते, तिचा हिशेब वेगळा.

आकडे: ए = ४.१४८ अँगस्ट्रॉम, सी = ६.७१ अँगस्ट्रॉम. त्यावरून गॅमा–एम ०.८७, गॅमा–के १.०१ आणि गॅमा–ए ०.४६८ प्रति अँगस्ट्रॉम. सी लांब असल्यामुळे झोन उभ्या दिशेला बुटका आहे. पुढचा बहुतेक त्रास या बुटकेपणातून येणार.

निर्वाताचे आकडे मिलिबारमध्ये, ५ई-१० (म्हणजे ५ गुणिले १० चा उणे १० वा घात) अशा लिखाणात.

१५ जानेवारी: सब्स्ट्रेट आणि बसवणी

इंडियम फॉस्फाइडचे घर ५.८६९ अँगस्ट्रॉमचे. (१११) पृष्ठभागावर त्याला २ च्या वर्गमुळाने भागायचे, येतात ४.१५०. आपल्या पदार्थाचे ४.१४८. याहून चांगली जुळणी मागू नये. स्ट्रॉन्शियम फ्लोराइडही चालते, पण ते विद्युतरोधक असल्याने प्रकाश-उत्सर्जनाच्या मापनात नको.

डोपिंगचा प्रश्न सोपा नाही. लोह घातलेला अर्ध-रोधक सब्स्ट्रेट वाहकता मोजायला हवा, कारण तिथे प्रवाह फक्त थरातून जायला हवा. आर्पेससाठी (प्रकाशाने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि कोन मोजून पट्टे काढण्यासाठी) वाहक सब्स्ट्रेट बरा वाटतो, पण आपला थर पी-प्रकारचा. एन-प्रकारच्या सब्स्ट्रेटवर तो बसवला की खाली पी–एन संधी तयार होते आणि प्रकाश पडताच स्वतःचे व्होल्टेज उभे करते. म्हणून आर्पेसच्या तुकड्यांना जस्त घातलेला पी-प्रकार, आणि त्याच वाढीत शेजारी एक अर्ध-रोधक तुकडा वाहकतेसाठी. दोन्ही ५ × ५ मिलिमीटर.

बसवणी मॉलिब्डेनमच्या पाटीवर, टँटलमच्या ०.०५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांनी, स्पॉट-वेल्ड करून. इंडियमने चिकटवायचे नाही. थराला छिद्रे आहेत का हे पुढे एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून मूलद्रव्ये ओळखण्याच्या मापनात) इंडियमच्या ३डी शिखरावरून (४४४ ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट) बघायचे आहे. पाटीवरच इंडियम फासलेले असेल तर त्या शिखराला अर्थ उरत नाही. एक पट्टी मुद्दाम थराच्या वरच्या तोंडावर येईल अशी ठेवली आहे, जमिनीची जोडणी तिच्यातून होईल. पट्टीखालच्या भागावर थर बसत नाही, म्हणून पट्टी कडेला १ मिलिमीटरपेक्षा आत नको. वाढीनंतर ती किंचित सरकवून थरावर दाबली की जोडणी पक्की.

१७ जानेवारी: थर वाढवणे

ऑक्साइड काढणे हीच पहिली अडचण. नुसते तापवून काढायला जावे तर ३६० अंश सेल्सिअसच्या वर फॉस्फरस उडू लागतो आणि मागे इंडियमचे थेंब राहतात. अणु-हायड्रोजन वापरला: तापलेल्या टंगस्टन नळीतून हायड्रोजन, कक्षात ५ई-६, सब्स्ट्रेट ३५० अंशांवर, २० मिनिटे. रीडच्या (पृष्ठभागाला घासत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाच्या) पडद्यावरचा धूसरपणा जाऊन रेघा आल्या की थांबायचे. रेघांऐवजी ठिपके आणि त्यांना फुटलेले तिरके पंख दिसले, तर थेंब झाले आहेत. तो तुकडा टाकून द्यावा, वर थर वाढवून वाचवायला जाऊ नये.

सब्स्ट्रेट ४०० अंशांवर. टेल्युरियमचे झाकण आधी उघडले, मँगनीजचे अर्ध्या मिनिटाने. टेल्युरियम कायम जास्त. मँगनीज जास्त झाले तर ते पृष्ठभागावर साचते आणि परत उडत नाही. टेल्युरियमचा जादा भाग या तापमानाला आपोआप उडतो. उलट तापमान कमी ठेवून टेल्युरियमचा मारा केला, तर मँगनीज डायटेल्युराइड तयार होते. दर मिनिटाला दीड नॅनोमीटर, २० मिनिटे.

पहिल्या दीड-दोन नॅनोमीटरात रीड मंद होते आणि मग उजळते. उजळल्यावरही रेघा जाड राहिल्या तर सुरुवात बिघडली आहे. आज त्या बारीक आल्या.

थंड करताना टेल्युरियमचा प्रवाह ३०० अंशांपर्यंत चालू ठेवला, मग बंद. खोलीच्या तापमानाच्या खाली आल्यावर आर्पेसच्या तुकड्यांवर ४० नॅनोमीटर टेल्युरियमचे झाकण. सेलेनियमचे झाकण सोपे पडते, पण काढताना सेलेनियम टेल्युरियमच्या जागी शिरते. एका तुकड्यावर झाकण न घालता तो थेट निर्वात-पेटीत ठेवला, २ई-१० मध्ये. तुलनेला हवा.

१९ जानेवारी: एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन)

तांब्याच्या के-अल्फा-१ किरणांखाली (१.५४०६ अँगस्ट्रॉम) पहिले शिखर (०००२) २६.५५ अंशांवर असायला हवे. इंडियम फॉस्फाइडचे (१११) आहे २६.२८ वर. अंतर ०.२७ अंश. आणि ३० नॅनोमीटर जाडीमुळेच थराच्या शिखराला येणारी रुंदीही ०.२७ अंश. तेव्हा पहिल्या शिखरावरून सी काढणे व्यर्थ आहे, थराचे शिखर सब्स्ट्रेटच्या पायथ्याशी बुडालेले असते. (०००४) घ्यावे: थर ५४.६७, सब्स्ट्रेट ५४.०९. (०००६) आणखी चांगले: ८७.१ आणि ८६.०.

आपल्याला (०००४) वर शिखर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाटा मिळाल्या. लाटांवरून जाडी जुळली. सी अक्ष घन स्फटिकापेक्षा किंचित आखूड आहे. हे अपेक्षित आहे: ४०० अंशांवरून थंड होताना थर सब्स्ट्रेटपेक्षा जास्त आकसू पाहतो, सब्स्ट्रेट त्याला आडवे ताणून धरतो, म्हणून उभा आखडतो. याच ताणामुळे जाड थरांना तडे जातात. जाडी वाढवायचा मोह टाळायचा, ते एवढ्यासाठी.

२४.३ अंशांच्या आसपास काही नाही, म्हणजे झिंक-ब्लेंड ठेवणीचा मँगनीज टेल्युराइड नाही. २५.६ लाही काही नाही, म्हणजे डायटेल्युराइड नाही. झिंक-ब्लेंडची भीती खरी आहे: सब्स्ट्रेट त्याच ठेवणीचा, आणि त्या रूपाचे नील तापमान कितीतरी खाली, सुमारे ६५ केल्विन. त्याचा थोडासाही अंश पट्ट्यांच्या चित्रात वेगळा उंचवटा बनून येईल आणि आपण त्याला फूट समजू.

२२ जानेवारी: थर खरोखर चुंबकीय क्रमात आहे का

स्क्विडचा (अतिसंवेदी चुंबकत्व-मापकाचा) उपयोग नाही. सब्स्ट्रेट ०.३५ मिलिमीटर जाड, थर ३० नॅनोमीटर, म्हणजे सब्स्ट्रेटचे आकारमान सुमारे ११,७०० पट. त्याच्या प्रतिचुंबकत्वातून अँटिफेरोमॅग्नेटची सही वेगळी काढणे शक्य नाही. न्यूट्रॉनसाठी एवढा थर फार कमी.

अर्ध-रोधक तुकड्यावर चार टोकांनी रोध मोजला, ३५० ते २५० केल्विन, मिनिटाला अर्धा केल्विन. ३०७ च्या आसपास वक्राला स्पष्ट वळण. तापमान चढताना आणि उतरताना वळण एकाच जागी येते का ते बघणे जरूर आहे. वेग जास्त ठेवला तर संवेदक पुढे आणि थर मागे असा ३–४ केल्विनचा फरक पडतो.

हे एवढे नसेल, तर पुढे आर्पेसमध्ये दिसलेल्या कशालाही चुंबकीय म्हणू नये. ही नोंद प्रत्येक नव्या वाढीला करायची.

२८ जानेवारी: झाकण काढणे

टेल्युरियम २०० अंशांच्या थोडे वर मिनिटाला कित्येक थर या वेगाने उडतो. पाटीचे तापमान हळूहळू २१० पर्यंत, तिथे १० मिनिटे. दाब आधी चढतो, मग उतरतो. उतरला की लगेच थांबायचे नाही, आणखी ३ मिनिटे. संवेदक पाटीवर आहे, थरावर नाही. मॉलिब्डेनम आणि नमुना यांच्यामध्ये फट असेल तर थर ३० अंशांनी मागे राहतो, आणि मग ‘२१० वर झाकण जात नाही’ असे वाटते.

एक्सपीएस, अॅल्युमिनियम के-अल्फा. टेल्युरियमचे ३डी ५/२ शिखर ५७२ च्या वरच्या भागात. मूळ टेल्युरियम आणि टेल्युराइड यांच्यातले अंतर एका ईव्हीपेक्षा कमी असल्याने शिखराच्या जागेवर विसंबू नये. मँगनीज २पी आणि टेल्युरियम ३डी यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर बघावे. झाकण गेले की ते स्थिरावते. ऑक्सिडेशन मात्र ठळक ओळखू येते: ५७६ वर दुसरे शिखर. इंडियम ३डी नाही.

पहिल्या तुकड्यावर चूक झाली. २१० वर समाधान न झाल्याने तापमान २९० पर्यंत नेले. मँगनीजचे गुणोत्तर वाढले, म्हणजे झाकणाबरोबर थरातला टेल्युरियमही उडू लागला. आर्पेसमध्ये पट्टे पुसट आणि वरच्या कडेला धूसर शेपूट. तो तुकडा बाद. दुसरा २१५ वर १२ मिनिटांत स्वच्छ.

निर्वात-पेटीतला तुकडा ११ दिवसांनी काढला. ५७६ वर काही नाही. पट्ट्यांचा रेखीवपणा झाकण काढलेल्या तुकड्यापेक्षा चांगला. वाढीचा कक्ष आणि मापनाचा कक्ष जोडलेले नसतील तर पेटीच बरी, झाकण हा दुसरा पर्याय, असे आमचे मत झाले आहे.

२९ जानेवारी: लीड (मंद इलेक्ट्रॉनांचे विवर्तन)

६० ईव्हीवर षट्कोनी ठिपके, पुनर्रचना नाही. पृष्ठभागावरच्या एका पायरीची सममिती तीन-घडीची असली तरी अर्ध्या सी-उंचीच्या पायऱ्यांमुळे एक पायरी दुसरीच्या ६० अंश फिरवलेली असते, म्हणून चित्र सहा-घडीचे दिसते. यात दोष नाही.

दिशा ठरवताना होणारी चूक इथेच लिहून ठेवतो. लीडचा ठिपका ज्या दिशेला, ती गॅमा–एम. वास्तव जाळीचा ए-अक्ष ज्या दिशेला, ती गॅमा–के. दोन्हींत ३० अंशांचा फरक. हे उलटे धरले तर फूट जिथे शून्य असायला हवी तिथेच आपण ती शोधत बसू.

३१ जानेवारी: हीलियम दिवा, आणि के-झेडचा हिशेब

अॅनालायझर २०० मिलिमीटर त्रिज्येचा, पास एनर्जी १० ईव्ही, फट ०.५ मिलिमीटर: यंत्राची रुंदी १२.५ मिलि-ईव्ही. दिवा मोनोक्रोमेटरमधून. मोनोक्रोमेटरशिवाय हीलियमच्या शेजारच्या रेषा प्रत्येक पट्ट्याची फिकी सावली टाकतात. धातूत ती फर्मी कडेच्या (भरलेल्या अवस्थांच्या वरच्या हद्दीच्या) वर दिसते आणि ओळखू येते. अर्धवाहकात ती मोकळ्या पट्टीत पडते आणि पृष्ठभागाची अवस्था असल्याचा भास होतो.

आता मुख्य गोष्ट. आडवा संवेग कोनावरून थेट मिळतो. उभा मिळत नाही, तो अंतर्गत विभव (पदार्थाच्या आतला ऊर्जेचा खळगा) धरून काढावा लागतो: ०.५१२ गुणिले (गतिज ऊर्जा अधिक अंतर्गत विभव) याचे वर्गमूळ. विभव १० धरायचे की १२, हा प्रश्न किरकोळ वाटतो. आपल्या बुटक्या झोनमध्ये तो किरकोळ नाही.

हीलियम-१, २१.२ ईव्ही, लंब दिशेने: गतिज ऊर्जा १६.४. विभव १२ धरले तर आपण गॅमापासून ए कडे १७ टक्के अंतरावर आहोत. १० धरले तर ३८ टक्क्यांवर. पहिल्या आकड्यानुसार फूट जवळपास दिसू नये, दुसऱ्यानुसार चांगली दिसावी. तेव्हा २१.२ वर काहीही दिसले तरी निष्कर्ष विभवाच्या निवडीतून येणार, मापनातून नव्हे.

हीलियम-२, ४०.८ ईव्ही: गतिज ऊर्जा ३६. विभव १२ ला ४२ टक्के, १० ला ५८ टक्के. दोन्ही गॅमा आणि ए यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे फूट मोठी असते तिथेच. घरच्या दिव्यावर हीलियम-२ च वापरायचा, असा निर्णय. प्रकाश कितीतरी पट मंद आणि एका चित्राला ६–७ तास, तरीही.

आणखी दोन गोष्टी. एक, ठरावीक ऊर्जेवर कोन फिरवताना आपण सरळ रेषेवर नसून कमानीवर चालतो. ४०.८ ला गॅमाकडून एम पर्यंत जाईतो (१६.५ अंश) के-झेड ०.११ ने उतरतो, गॅमा–ए च्या जवळजवळ पाव भागाने. गणिताचे पट्टे सरळ रेषेवर काढून त्यावर ठेवू नयेत, कमानीवर काढावेत. दोन, या ऊर्जेला इलेक्ट्रॉन ५ अँगस्ट्रॉमच्या आसपास खोलीतूनच बाहेर येतात, त्यामुळे के-झेड एका बिंदूवर नसून ०.२ प्रति अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यावर पसरलेला असतो. उभ्या दिशेला उतार असलेला कोणताही पट्टा या पसरण्यामुळे रुंद होतो आणि कधी दोन कडा असलेला दिसतो. त्या दोन कडा म्हणजे दोन स्पिन नव्हेत.

आजचे चित्र: गॅमा–एम दिशेने दोन शाखा. गॅमा–के दिशेने एकच, पण जाड. आशादायक. यापेक्षा जास्त आज लिहिता येत नाही.

२ फेब्रुवारी: चार्जिंग

३० केल्विनला सगळे चित्र ७० मिलि-ईव्हीने सरकलेले आढळले. थरात फर्मी कड नाही, पट्ट्याचे टोक तिच्या खाली असते, त्यामुळे सरकणे लक्षात यायला उशीर झाला. संदर्भ नेहमी त्याच पाटीवरच्या सोन्याचा घ्यायचा, आणि तो थराशी विद्युतदृष्ट्या जोडलेला असल्याची खात्री करायची.

कसोटी साधी: दिव्याची तीव्रता निम्मी करा. वर्णपट जागेवर राहिला तर ठीक. सरकला तर चार्जिंग किंवा प्रकाशाने उभे राहिलेले व्होल्टेज. आमचा सरकला. वरची टँटलम पट्टी थंड झाल्यावर थरापासून उचलली गेली होती. पुन्हा दाबून बसवली, १०० केल्विनला सरकणे ५ मिलि-ईव्हीच्या आत. थंडीतले चार्जिंग सगळीकडे सारखे नसते: ठिपक्याच्या मधोमध जास्त, कडेला कमी. त्यामुळे एकच पट्टा दोन ठिकाणी दिसू शकतो. अशी खोटी फूट सगळ्या दिशांना सारखी असते, गॅमा–के दिशेलाही. तिथले चित्र म्हणूनच दर वेळी घ्यायचे.

१९ फेब्रुवारी: सिंक्रोट्रॉनवर, मऊ क्ष-किरण

३५० ते ५०० ईव्ही, नमुना २५ केल्विनला. या ऊर्जेला इलेक्ट्रॉन अधिक खोलीतून येतात, १० अँगस्ट्रॉमच्या पुढून, आणि के-झेडचे पसरणे निम्म्यावर येते. विभवातल्या २ ईव्हीच्या अनिश्चितीने ४०० ईव्हीला फक्त ०.०२५ चा फरक पडतो, गॅमा–ए च्या ५ टक्के. इथे आल्याचा खरा फायदा हा.

प्रकाशाचा स्वतःचा संवेग मात्र इथे विसरता येत नाही. ४०० ईव्हीच्या फोटॉनचा संवेग ०.२ प्रति अँगस्ट्रॉम, म्हणजे गॅमा–ए च्या ४३ टक्के! प्रकाश पृष्ठभागाशी २० अंशांनी येत असेल तर त्यातला ०.१९ आडवा जातो आणि ०.०७ उभा. आडव्यामुळे गॅमा बिंदू लंब दिशेपासून १.०७ अंश बाजूला दिसतो. तो बाजूला दिसला की नमुना तिरका बसला असे समजून फिरवायचा मोह होतो. नमुना ठीक असतो. आधी सोन्यावर किंवा लीडवरून लंब दिशा पक्की करायची आणि फोटॉनची दुरुस्ती गणितात करायची. आमच्या पहिल्या सहा तासांच्या चित्रांत नमुना फिरवल्यामुळे कमान चुकीच्या जागी गेली. ती चित्रे पुन्हा घ्यावी लागली. बीमटाइममधले सहा तास हे मोठे नुकसान.

ऊर्जा बदलत लंब दिशेचे स्कॅन. एक झोन ओलांडायला ४०० च्या आसपास ७७ ईव्ही लागतात, पायरी २.५ ईव्ही. एका झोनमध्ये गॅमा उजळ, पुढच्यात जवळपास काळा, त्यापुढच्यात पुन्हा उजळ. याचा अर्थ सी दुप्पट आहे असा नाही. पेचदार सममितीमुळे एकाआड एक झोनमध्ये उत्सर्जनाची तीव्रता दबते. दोन झोन मोजल्याशिवाय आवर्त ठरवू नये, ही सूचना पुढच्या टीमसाठी.

ध्रुवीकरणही बदलून पाहिले. वरचे पट्टे मुख्यतः टेल्युरियमच्या ५पी ऑर्बिटलचे. प्रकाशाच्या एका ध्रुवीकरणाला एक शाखा उजळते, दुसऱ्याला दुसरी. एकाच ध्रुवीकरणात मोजले तर फूट असूनही एकच शाखा दिसू शकते. दोन्ही घेऊन बेरीज करावी. मँगनीजच्या ३डी चा मोठा भाग ३.५ ते ४ ईव्ही खाली आहे. ६४० ईव्हीच्या एल-३ कडेवर (मँगनीजच्या क्ष-किरण शोषणाच्या कडेवर) तो एकदम उसळतो आणि वरच्या पट्ट्यांपासून वेगळा ओळखता येतो.

रात्री निर्णायक त्रिकूट मिळाले. गॅमा–एम, के-झेड शून्य: एक शाखा. गॅमा–एम, के-झेड मध्यावर: दोन. गॅमा–एम, ए च्या पातळीत: पुन्हा एक. शिवाय गॅमा–के, के-झेड मध्यावर: एक. पृष्ठभागाची अवस्था असती तर ती के-झेडबरोबर बदलली नसती. चार्जिंग असते तर चारही ठिकाणी दोन दिसल्या असत्या. चार चित्रे एकाच नमुन्यावर, एकाच जोडणीत, नऊ तासांत. आम्ही चौघेही पडद्यावर बराच वेळ तीच पाहत होते.

शाखांतले अंतर फिटमधून येते ते के-झेडच्या पट्ट्यावरची सरासरी असते. गणिताच्या रेषेशी ताडताना गणितही तेवढ्याच रुंदीने पसरवून घ्यायचे. बारीक रेषेशी तुलना केली तर प्रयोग नेहमी कमी फूट दाखवेल.

२१ फेब्रुवारी: नमुना इथे तापवत नाही

तापमान वाढवून फूट जाते का ते याच बीमवर बघू, असा प्रस्ताव होता. नाकारला. ४०० ईव्हीला इलेक्ट्रॉनचा संवेग मोठा असल्याने अणूंच्या कंपनांचा परिणामही मोठा. ३४० केल्विनला पट्ट्यांचे रेखीव चित्र बहुतांश विरते आणि धूसर पार्श्वभूमी उरते. मग ‘फूट गेली’ असे दिसेल, पण चित्रच गेलेले असेल. तापमानाचा प्रयोग कमी ऊर्जेला, घरच्या हीलियम-२ वर. त्या ऊर्जेचा के-झेड मध्यावर आहे हे इथल्या आवर्तावरून आता पक्के झाले आहे.

५ मार्च: ३०७ च्या वर

१०० केल्विन आणि ३४० केल्विन, हीलियम-२, प्रत्येक तापमानाला गॅमा–एम आणि गॅमा–के दोन्ही.

तापक चालू असताना त्याच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मंद इलेक्ट्रॉनांना वळवते आणि सगळे चित्र तिरके होते. तापक तुटक चालवला: २ सेकंद चालू, २ सेकंद बंद, मोजणी फक्त बंद असताना. वेळ दुप्पट लागतो, त्याला इलाज नाही.

थराचे खरे तापमान सोन्याच्या फर्मी कडेवरून. दहा ते नव्वद टक्क्यांची रुंदी ४.४ केटी (केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान): ३०० केल्विनला ११४, ३४० ला १२९ मिलि-ईव्ही, यंत्राची रुंदी वजा करून. संवेदक ३४० दाखवत असताना कडेवरून ३३१ आले. ३०७ च्या वर आहोत, पण संवेदकावर विसंबून ३१५ ला मोजले असते तर थर कदाचित अजून खालीच असता.

३४० ला गॅमा–एम वरच्या दोन शाखा एका रुंद पट्ट्यात मिसळल्या. यावरून निष्कर्ष काढायचा नाही, उष्णतेने सगळेच रुंदावते. म्हणून गॅमा–के. तिथे मुळात एकच शाखा, तिची रुंदी तापमानाने किती वाढली ते स्वच्छ मिळते. तेवढीच वाढ १०० केल्विनच्या गॅमा–एम चित्रातल्या दोन शाखांना कृत्रिमरीत्या दिली आणि पाहिले. शाखा रुंद झाल्या, पण मधली खाच टिकली. प्रत्यक्ष ३४० च्या चित्रात खाच नाही. म्हणजे रुंदावण्यापलीकडे काहीतरी घडले आहे.

फूट पूर्ण शून्य झाली असे मात्र लिहीत नाही. प्रत्येक मँगनीजचा चुंबकीय आघूर्ण ३०७ च्या वरही जागेवर असतो, फक्त दूरवरचा क्रम मोडतो; शेजाऱ्याशेजाऱ्यातला उलटेपणा बराच वर टिकतो. त्याची छाया रुंदीत उरणे स्वाभाविक आहे.

६ मार्च: परत १०० केल्विन

त्याच जागी परत थंड केले. दोन शाखा परत आल्या, खाच पहिल्याइतकीच खोल. टेल्युरियम ३डी चे ५७६ चे शिखर अजून नाही, मँगनीजचे गुणोत्तर तेच. काल शाखा मिसळल्या त्या पृष्ठभाग खराब झाल्याने नव्हेत.

९ मार्च: स्पिन मोजण्याआधी

आतापर्यंतच्या चित्रांत स्पिन मोजलेला नाही. उलट नील-दिशेचे दोन डोमेन (सलग एकाच चुंबकीय क्रमाचे छोटे भाग) ऊर्जेच्या चित्रात सारखेच दिसतात, म्हणून डोमेन मिसळलेले असूनही फूट दिसली. स्पिन-संवेदकात तसे होणार नाही: उलट डोमेनांचे स्पिन एकमेकांना खोडतात आणि असममिती शून्याच्या जवळ येते. हीलियमचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, डोमेन मायक्रोमीटरचे.

तेव्हा नमुना क्षेत्रात थंड करायचा. याच प्रकारच्या थरांत २०२३ मध्ये असंगत हॉल परिणाम (बाहेरच्या क्षेत्राशिवायही प्रवाहाला आडवे येणारे व्होल्टेज) दाखवला गेला, आणि त्याचे चिन्ह लंब क्षेत्राने उलटवता येते. आपणही शेजारच्या अर्ध-रोधक तुकड्यावर हॉल व्होल्टेज मोजून, कोणत्या क्षेत्रात थंड केल्यावर डोमेन एका बाजूला झुकतात ते आधी ठरवू. मग आर्पेसचा तुकडा त्याच क्षेत्रात ३३० वरून थंड करून पेटीतून न्यायचा. वाटेत तो ३०७ च्या वर जाता कामा नये: पेटीच्या नॉन-इव्हॅपोरेबल गेटर (वायू शोषून धरणाऱ्या) पंपाचा तापक नमुन्याच्या शेजारीच आहे, म्हणून प्रवासात पंपाचे पुनरुज्जीवन करायचे नाही. पेटीच्या झाकणावर तशी चिठ्ठी लावली आहे.